तीन स्टॉप

यशिका मॅट १२४ जी या कॅमेऱ्यात वरून वाकून पाहिलं की जग उलटं दिसतं. म्हणजे वरचं खाली नाही, डावं उजवीकडे. ढग फ्रेमबाहेर निघाला की आपण हमखास चुकीच्या बाजूला वळतो. बाबांनी हा कॅमेरा १९८४ साली सेकंडहँड घेतला, ते अजूनही डोळे मिटून बरोबर वळतात. (दिवसभर कोडमधले बग शोधणाऱ्या माझं मात्र प्रत्येक वेळी चुकतं.)

तर ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही दोघं हरिश्चंद्रगडावर गेलो. पाचनईच्या वाटेने, कारण बाबांचे गुडघे. "ही आपली शेवटची हं," असं ते वाटेत दोनदा म्हणाले. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

कोकणकड्यावर पोचलो तर काय सांगू! पाऊस नुकताच गेलेला, हवा धुतल्यासारखी, आभाळ निळंशार, पांढरे ढग, आणि आत वळलेल्या त्या काळ्या कातळावर उतरतं ऊन. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर असं आभाळ फिकट करडं येतं आणि ढग त्यात विरून जातात. म्हणून लाल फिल्टर. तो निळा प्रकाश अडवतो, आभाळ गडद होतं, ढग उठून दिसतात. पण एकूण प्रकाशही खातो, साधारण तीन स्टॉप. म्हणजे एक्सपोजर आठपट द्यायचं.

गंमत अशी की या कॅमेऱ्याला दोन लेन्स. आपण पाहतो वरच्या लेन्समधून, फोटो निघतो खालच्या, आणि फिल्टर असतो खालच्या लेन्सवर. त्यामुळे तो लावलाय हे पाहताना कळतच नाही. कॅमेऱ्यातल्या मीटरची पाऱ्याची बॅटरी केव्हाच मिळेनाशी झाली, म्हणून मी फोनवरच्या ॲपने प्रकाश मोजतो. त्या बिचाऱ्याला फिल्टरचं काय माहीत? हिशेब आपणच डोक्यात करायचा.

बाबा दगडावर बसून डबा उघडत होते. तिथूनच म्हणाले, "फिल्टरचे तीन स्टॉप दिलेस ना रे?"

"हो हो, दिले." जरा वैतागूनच.

१२० च्या रोलवर बारा फ्रेम मिळतात. बाराच्या बारा त्या कड्यावर उधळल्या.

रविवारी बर्फ टाकून पाणी २० अंशांवर आणलं आणि बाथरूममध्ये रोल डेव्हलप केला. फिक्सर ओतून रीळ उघडलं. च्यायला! ढगांचे पुसट डाग तेवढे, कड्याच्या जागी कोरी फिल्म. फिल्मवर जे उमटलंच नाही ते स्कॅनर तरी कुठून आणणार?

फिल्म दोरीला वाळत लावली तेवढ्यात बाबा चष्मा पुसत आले. खालचं टोक धरून उजेडाकडे केलं. बाराही फ्रेम पाहिल्या, एकेक करून.

"कड्यावर धुकं होतं ना बाबा..." मी म्हटलं.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग फिल्म सोडली, तिचा गुंडाळा होऊ नये म्हणून खाली चिमटा लावला.

"हो," म्हणाले. "होतं खरं धुकं."