टोकाजवळची छिद्रे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस वसतिगृहाच्या आठवणी लिहावयास सांगितले आहे. त्या अनेकांनी लिहिल्या असतील. आम्ही लिहितो आहोत ते एका स्क्रूविषयी. इतिहासाच्या शिक्षकाने यंत्रविद्येवर लेखणी चालवणे हे धारिष्ट्य आहे. तेव्हा पुढील मजकुरात जे चुकले असेल ते आमचे आणि जे बरोबर असेल ते आमच्या विद्यार्थ्याचे, असे समजावे.

दोन वर्षांपूर्वी आमची आई न्हाणीत घसरून पडली. वय अठ्ठ्याहत्तर. कमरेच्या वरचा एक मणका चेपला आणि पायांतले बळ जाऊ लागले. शल्यचिकित्सकांनी सांगितले, की वरच्या व खालच्या मणक्यांत स्क्रू बसवून ते दांड्यांनी जोडावे लागतील. पण हाडे इतकी ठिसूळ झाली आहेत, की साधा स्क्रू पोपडे धरलेल्या भिंतीतल्या खिळ्यासारखा निघून येईल. म्हणून पोकळ स्क्रू बसवून त्याच्या पोटातून हाडात सिमेंट सोडायचे. ठिसूळपणाचे कारण त्यांनी वय असे सांगितले. आम्हांला १९७२ साल आठवले. दुष्काळी कामावर खडी फोडणारी आणि वाट्याला आलेल्या सुकडीतली अर्धीअधिक आमच्या तोंडी घालणारी एक तरुण बाई आठवली.

त्या रात्री आम्ही ज्याला फोन केला, तो आमच्याच शाळेतून दहावी झालेला विद्यार्थी. मणक्याचे स्क्रू आणि ते बसवण्याची हत्यारे तयार करणाऱ्या एका कारखान्यात तो आरेखन विभागात आहे. फोन करताना आम्हांला संकोच वाटत होता, त्याचे कारण सांगितले पाहिजे. दहावीनंतर त्याला आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड घ्यायचा होता. घरी बाप नव्हता. आम्ही त्याला सर्व मुलांसमोर म्हणालो होतो, "बाबासाहेबांनी शिकायला सांगितलं, ते लेथवर उभं राहायला नव्हे." तो काही बोलला नाही. आयटीआयला गेला, पुढे डिप्लोमा केला, नोकरी करीत पदवी घेतली. निकाल लागला की शाळेला पेढे पाठवी. आमच्या घरी मात्र कधी आला नाही.

इतिहासात एम.ए. झालेल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य अधिकच वाईट होते. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी आपल्या मुलांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी सरकारकडे पैसा मागितला होता, आणि कला व कायदा यांच्या शिक्षणाने फारसे साधणार नाही असे स्पष्ट लिहिले होते. आम्ही ते वाचले होते. शिकवलेही होते.

शस्त्रक्रिया झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तो आईला पाहावयास आला. खिशातून त्याने एक स्क्रू काढला; मधोमध उभा चिरलेला, पोट दिसेल असा. लांबी पंचेचाळीस मिलिमीटर, जाडी सहाच्या आसपास, धातू टायटॅनियमचा. मणक्याच्या मागच्या भागातून पुढच्या भागात जाणारा हाडाचा एक अरुंद पूल असतो. स्क्रू त्या पुलातून जातो, आणि पुलाला लागूनच मज्जारज्जूची पोकळी असते. म्हणजे स्क्रू मनाला येईल तितका जाड करता येत नाही. त्यातच पोटातून आरपार दीड-दोन मिलिमीटरची वाट पाडायची आणि टोकाजवळ बाजूंना छिद्रे ठेवायची, सिमेंट बाहेर पडण्यासाठी. छिद्र मोठे केले तर सिमेंट सहज जाते, पण स्क्रू तिथेच मोडण्याची भीती. लहान केले तर ढकलायला जोर फार लागतो. आणि छिद्र मागे, पुलाच्या बाजूला सरकले तर सिमेंट मज्जारज्जूकडे वळू शकते. "सर, सगळं भांडण या चार-सहा मिलिमीटरमध्ये आहे," तो म्हणाला.

सिमेंट हे नावाचेच. ज्या अ‍ॅक्रिलिकच्या दातांच्या कवळ्या होतात, त्याच कुळातले ते द्रव्य. भुकटी आणि द्रव एकत्र केले की ते तापते आणि काही मिनिटांत दगड होते. पातळ असताना सोडले तर शिरांत शिरून फुप्फुसापर्यंत पोचू शकते, उशीर केला तर नळीतच घट्ट होते; टूथपेस्टसारखे झाले की सोडायचे. खोली उबदार असेल तर ते लवकर आळते. पडद्यावर दिसावे म्हणून त्यात बेरियमची पूड असते. एका स्क्रूला दीड-दोन मिलिलिटर पुरते, म्हणून ढकलण्याच्या दांडीवर मापाच्या खुणा लागतात. नळी स्क्रूच्या डोक्यात घट्ट बसली नाही आणि सिमेंट तिथल्या आट्यांत गेले, तर पुढे दांडी कसणारच नाही. ओल्या हातमोज्यांनी हे सारे करायचे असते. हत्याराची मूठ कशी असावी, यावर त्यांनी कित्येक महिने घालवले होते.

मणक्यात सिमेंट सोडण्याचा पहिला प्रयोग १९८४ साली फ्रान्समधील आमियाँ येथे झाला, हे आम्ही मागाहून वाचले. त्याला ते ठाऊक होते. इतिहासाचा तास त्याने आमचा घेतला म्हणायचा!

मग त्याने जे सांगितले, ते आम्ही विसरणार नाही. पहिल्या नमुन्यांत सिमेंट मध्येच अडे. नकाशात दोष सापडेना. हा लेथवर वाढलेला. बाजूचे छिद्र पाडताना आतल्या वाटेवर धातूची बारीक बर उभी राहते, हे याच्या बोटांना माहीत होते. ती बाहेरून दिसत नाही. तुटली तर सिमेंटबरोबर शरीरात जाईल. त्याने एक स्क्रू असाच उभा चिरून साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यानंतर ती बर काढण्याची वेगळी पायरी आली. मग कृत्रिम फोमच्या ठोकळ्यांत स्क्रू बसवून ते ओढून पाहणे, दांड्यांसह सांगाडा पन्नास लाख वेळा दाबून पाहणे. संसर्ग झाला तर स्क्रू उलटा फिरवून काढता यावा, म्हणून छिद्रांतले सिमेंट तुटते का, हेही पाहणे. आईच्या पाठीतले स्क्रू त्याच्या कारखान्याचे नव्हेत, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले.

आम्ही त्याला म्हणालो, "त्या दिवशी वर्गात आम्ही जे बोललो..."

"राहू द्या सर," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "पण मुलांसमोर का बोललात?"

आम्हांजवळ उत्तर नव्हते.

आईने तो चिरलेला स्क्रू हातात घेऊन खिडकीच्या उजेडाकडे धरला. "याला गंज चढतो का रे बाबा?"

"नाही आजी."

"मग बरं," ती म्हणाली, आणि छिद्रे बोटाने चाचपीत राहिली. तो स्क्रू त्याने तिच्याजवळच ठेवला. यंदा दहावीच्या दोन मुलांनी आयटीआयचे अर्ज आमच्याकडे आणले, तेव्हा तिच्याकडून तो मागून आम्ही वर्गात नेला होता. संध्याकाळी घरी पोचताच तिने तो परत मागून घेतला.