दा नांगचं भाडं आणि दा नांगचा पाऊस

व्हिएतनाममध्ये हनोईहून निघालेली गाडी रात्रभर धावते, सकाळी ह्वे ओलांडते आणि लांग कोच्या खाडीपाशी डोंगराला भिडते. मीटर गेजचा एकेरी रूळ, उजवीकडे जंगल, डावीकडे खाली समुद्र. हा हाय वान घाट. रस्त्याच्या वाहतुकीसाठी २००५ मध्ये इथे बोगदा झाला. रेल्वे मात्र अजून समुद्राच्या कडेनेच वळणं घेत जाते. विमानाने खूप लवकर पोचता आलं असतं. पण जिथे बिऱ्हाड मांडायचं त्या गावात जमिनीवरून शिरायचं, हा नवऱ्याचा हट्ट. घाट उतरला की उपसागराभोवती उंच इमारती दिसू लागतात आणि थोड्याच वेळात ७९१ किलोमीटरचा प्रवास संपतो. दा नांग स्टेशनात रूळ संपतो. पुढे सायगावला जायचं तर इंजिन दुसऱ्या टोकाला लावून गाडी उलटी निघते. आम्हाला पुढे जायचं नव्हतं.

आम्ही दोघंही नोकरीतून मोकळे झालो होतो. डोंबिवलीचा फ्लॅट बंद करून काही महिने समुद्राकाठी राहायचं आणि जमलं तर कायमचं, एवढाच बेत होता. ‘स्वस्तात समुद्रकिनारी राहा’ असं ज्या शहरांबद्दल सांगितलं जातं, त्यांत दा नांगचं नाव नेहमी वर असतं.

घरं शोधायची ती पायी. ‘मी खे’ नावाच्या किनाऱ्यामागच्या गल्ल्यांत फाटकाफाटकांवर भाड्याच्या पाट्या असतात. समुद्र दिसणाऱ्या खोलीचं भाडं बारा-पंधरा दशलक्ष डोंग. चार गल्ल्या मागे गेलं की ते आठवर येतं. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग धरले तर आठ दशलक्ष म्हणजे सत्तावीस हजार रुपये. त्यात पलंग, फ्रिज, एसी आणि छोटा ओटा. अनामत एका महिन्याची. वीज वेगळी, युनिटला चार हजार डोंग, म्हणजे तेरा रुपये. घरमालकीणबाईंनी पासपोर्टचे फोटो काढले आणि पोलिसांकडे आमची नोंद केली. परदेशी माणूस राहायला आला की ही नोंद घरमालकाने करायची, असा इथला कायदा आहे.

हिशेब मांडायला बसलो तेव्हा नवरा म्हणाला, “अगं, एवढ्यात डोंबिवलीत दोन बेडरूमचं घर मिळतं.” खरंच होतं. आमच्याच मजल्यावर एक निवृत्त अमेरिकी गृहस्थ राहायचे. त्यांच्या पेन्शनपुढे हे भाडं किरकोळ. ८ मार्च १९६५ रोजी अमेरिकेचे मरीन सैनिक याच शहराच्या किनाऱ्यावर उतरले होते. आज त्या पिढीतली माणसं इथे भाडेकरू म्हणून सुखात राहतात. डॉलरवाल्याला दा नांग स्वस्त आहे. रुपयावाल्याला ते स्वस्त नाही, पण वाजवी आहे. डोंबिवलीच्या खर्चात समुद्र मिळतो, आणि तो मुंबईत आम्हाला जन्मात मिळाला नसता.

तो समुद्र वापरायची इथल्या लोकांची रीत पहिल्याच आठवड्यात कळते. पहाटे पाचला किनारा भरलेला असतो. आजी-आजोबा पोहतात, बायकांचे गट गाण्यांवर व्यायाम करतात, कोळी बांबूच्या गोल टोपल्यांसारख्या होड्यांतून मासळी काढतात. ऊन चढलं की स्थानिक माणूस दिसेनासा होतो आणि वाळूवर उरतात फक्त परदेशी. आम्हीही लवकरच पाचवाल्यांत सामील झालो.

खाण्याचं माझं भागलं, नवऱ्याचं अवघड होतं. मी क्वांग हा इथला मानाचा पदार्थ. हळदीने पिवळ्या झालेल्या तांदळाच्या रुंद शेवया, तळाशी जेमतेम रस्सा, वर कोळंबी, डुकराचं मांस, शेंगदाणे आणि तांदळाच्या पापडाचा तुकडा. वाडगा चाळीस हजार डोंगांना. बहुतेक जेवणांत माशांचा खारट अर्क असतोच. शहराच्या उत्तरेकडचं नाम ओ गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. शाकाहाऱ्याला आधार बौद्धांच्या खानावळींचा. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथली कितीतरी कुटुंबं मांस-मासे वर्ज्य करतात आणि त्या खानावळींत जागा मिळत नाही. पौर्णिमा कधी आहे हे नवरा डोंबिवलीत कधी पाहत नसे, इथे पाहू लागला.

हान नदीकाठच्या चाम शिल्पसंग्रहालयात तर आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. फ्रेंचांनी १९१९ मध्ये ते सुरू केलं. मी सन इथल्या देवळातला उभा गणपती तिथे आहे, त्रा किएउच्या नर्तकी आहेत, शिवलिंगं आहेत. या किनाऱ्यावर चंपाचे राजे शतकानुशतकं राज्य करत होते. त्यांतल्या भद्रवर्मनने मी सनच्या दरीत भद्रेश्वराचं देऊळ उभारलं आणि त्याचा लेख संस्कृतात कोरून ठेवला. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत तिथलं सगळ्यात देखणं देऊळ कोसळलं. उरलेल्यांपैकी काहींची डागडुजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केली. ते काम चालू असताना २०२० मध्ये एक अखंड शिवलिंग जमिनीतून निघालं.

आता कायमचं राहण्याबद्दल. ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनामचा ई-व्हिसा नव्वद दिवसांचा मिळतो. मुदत संपायच्या आत देश सोडायचा, नवा व्हिसा काढून परत यायचं. पेन्शनवर राहू इच्छिणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा नाही. फ्लॅट विकत घेता येतो, पण मालकी पन्नास वर्षांची, आणि इमारतीतल्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त घरं परदेशी लोकांना देता येत नाहीत. थोडक्यात, तुम्ही इथे भाडं भरणारे पाहुणे असता. हे मान्य असेल तर दिवस मजेत जातात.

आणि मग पाऊस येतो. आपल्याकडे सह्याद्री जूनचा पाऊस अडवून कोकणाला देतो. इथे त्याच्या अगदी उलट आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे त्रुओंग सोनच्या डोंगरांपलीकडे लाओसकडे रिते होतात आणि जून-जुलैत दा नांग कोरडं, तापलेलं असतं. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येचे वारे समुद्रावरून थेट येतात, सोबत वादळं घेऊन. घरमालकीणबाईंनी जिन्याजवळच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीची एक रेघ दाखवली होती. ती १४ ऑक्टोबर २०२२ च्या पुराची. वादळाचा इशारा आला की दुकानदार छपरांवर वाळूच्या पिशव्या टाकतात, पोहायला बंदी होते, कपडे आठवडाभर वाळत नाहीत आणि भिंतींना बुरशी धरते. एप्रिलात घर पसंत केलेले अनेक परदेशी याच दिवसांत सामान बांधतात.

आम्ही बांधलं नाही, पण कायमचा बेत सोडला. आता फेब्रुवारी ते एप्रिल दा नांग आणि एरवी डोंबिवली, असं ठरलं आहे. तुमच्या मनात असं काही असेल तर घर विकू नका, बंद करून या. आणि पहिली खेप ऑक्टोबरात करा. पावसातलं दा नांग आवडलं, तरच भाड्याचा करार वर्षाचा करा.