चार बोटांचा सैलपणा

गाडी आवडण्याचा रस्ता वेगळा आणि गाडी कळण्याचा रस्ता वेगळा. गाडी आवडते ती तिच्या तोंडामुळे. दोन दिव्यांचे डोळे, मधल्या जाळीचे नाक आणि खाली बंपरचा ओठ. लहान मुलालासुद्धा ते तोंड हसरे की रागीट हे सांगता येते. पण गाडीचे खरे पुढचे अंग या मुखवट्यामागे, दोन चाकांच्या मधोमध, चिखलात आणि ग्रीसमध्ये लोंबकळत असते. तिथे सौंदर्य नाही. तिथे नुसते सांधे आहेत. आणि घाटात माणसाला तारतात ते सांधेच.

आमच्या घरी एक जुनी पिकअप आहे. जुन्या जीपच्या वळणाची, पुढे सरळ आस आणि त्याखाली पोलादी पाट्यांच्या कमानी असलेली. ओतूरकडून माळशेज उतरून कल्याणच्या बाजारात भाजी नेणे हा तिचा नित्यनेम, आणि तिला नेणे हा आमच्या अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. गेल्या दोन वर्षांत दोन गोष्टी एकदमच म्हाताऱ्या झाल्या. अण्णांचा उजवा खांदा धरला आणि गाडीच्या स्टिअरिंगला चार बोटांचा प्ले आला. म्हणजे चक्र चार बोटे फिरवावे, तेव्हा कुठे खाली चाकाला त्याची वर्दी जायची. एका हंगामात टोमॅटोला बरा भाव मिळाला, हाती थोडे पैसे उरले आणि गाडीच्या पुढच्या अंगाचे काहीतरी चांगले करावे असे ठरले. काय करावे, यावर मात्र घरात तीन मते झाली.

पुतण्याचे मत सर्वांत देखणे होते. रुंद टायर, पाट्या घालून चार इंच उचललेली पुढची बाजू, समोर जाडजूड बंपर. चित्रे त्याच्या मोबाइलमध्ये तयारच होती. अण्णांचे मत सर्वांत स्वस्त होते. "बॉक्सवरचा स्क्रू आवळा की झालं. इतकी वर्षं चालवली, आता काय घोडं अडलंय?" माझे मत होते पॉवर स्टिअरिंगचे. अण्णांचा खांदा मला दिसत होता, आणि ते तो कुणाला दाखवत नव्हते हेही दिसत होते. चक्र सुटले की बाजार सुटणार, बाजार सुटला की चार माणसांतली बैठक सुटणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून आमच्या घरात खांदा हा शब्द कुणी उच्चारत नसे. सगळे स्टिअरिंगविषयीच बोलत.

मला एक खोड आहे. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की तिची कुळकथा वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. स्टिअरिंगची कुळकथा मोठी गमतीची निघाली. आपल्या बैलगाडीला हा प्रश्नच नाही. दोन चाके, एक आस. वळायचे काम बैल करतात. चार चाके आली की पंचाईत सुरू होते, कारण वळणावर आतल्या चाकाला बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळावे लागते. दोन्ही सारखीच वळली तर एक चाक फरफटत जाणार. ही अडचण सोडवणारी जोडणी म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या बग्गी बांधणाऱ्या कारागिराने शोधली. लंडनमध्ये 1818 साली तिचे पेटंट घेतले ते त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमन याने. हा आकरमन चित्रे आणि पुस्तके विकणारा. आज जगभरचे मेकॅनिक नाव घेतात ते आकरमनचे! कार्ल बेंझच्या 1886 सालच्या पहिल्या मोटारीला तर तीनच चाके होती. चार चाकांच्या वळणाचा त्याला पटेल असा उपाय त्याने 1893 मध्ये केला. ज्या कोड्याने असल्या माणसाला थांबवले, ते एका स्क्रूने सुटेल असे मला वाटेना.

घरातल्या या चर्चेत वहिनींना कुणी विचारले नव्हते. त्या शेजारच्या सीटवर बसून कित्येकदा कल्याणला गेलेल्या. एका रात्री भाकऱ्या थापता थापता त्या म्हणाल्या, "घाटात मी काही रस्त्याकडे बघत नाही, यांच्या हातांकडे बघते. हात सारखे हलत असतात आणि गाडी आपली सरळच जाते. मग इतके हात हलतात कशासाठी?"

दुसऱ्या दिवशी मी हे वाक्य जसेच्या तसे मिस्त्रींना सांगितले. नारायणगावच्या बाजूला त्यांचे गॅरेज आहे. ते हसले आणि म्हणाले, "वहिनींनी अर्धं काम केलं. आता उरलेलं जॅक करेल."

पुढची बाजू जॅकवर चढवली. मिस्त्रींनी चाक वरून आणि खालून धरून हलवले. खट् असा आवाज आला. "हा किंगपिनचा बुश. नाहीतर बेअरिंग." त्यांनी पुतण्याला ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि पुन्हा हलवले. खट् तसाच. "बेअरिंग नाही, किंगपिनच." मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवले, पुन्हा खट्. "हे टायरॉडचं टोक." नंतर गाडी चाकांवर उतरवून अण्णांना चक्र थोडे थोडे इकडेतिकडे करायला लावले आणि आम्हाला खाली वाकून बघायला सांगितले. बॉक्समधून निघणारा दांडा हलत होता, त्याला जोडलेली ड्रॅग लिंक हलत होती. पण तिच्या टोकाशी गोळी आपल्या वाटीत नुसतीच लोळत होती. हाताचा हुकूम तिथे जिरत होता. पुढे दुसऱ्या सांध्यात आणखी थोडा, तिसऱ्यात आणखी थोडा. चार बोटांचा सैलपणा कुठल्याही एका ठिकाणी नव्हता. प्रत्येक सांध्याने त्यात आपली वर्गणी घातली होती.

"स्क्रू आवळू का?" अण्णांनी विचारले.

"आवळा. मग बॉक्स आतून जाम होईल, वळणावरून चक्र परत येणार नाही, आणि हे सांधे आहेत तसेच राहतील."

पुतण्याच्या चित्रांकडे मिस्त्रींनी आदराने पाहिले. मग समजावले, की सायकलचा दांडा जरा मागे कललेला असतो म्हणून ती हात सोडूनही सरळ जाते. तसाच कल चाकाच्या खिळीलाही असतो. नुसत्या पाट्या घालून पुढची बाजू उचलली की तो कल बिघडण्याची भीती, ड्रॅग लिंक तिरकी होते आणि खड्डा आला की गाडी आपोआप वळण घेते. रुंद टायर घातले की चक्र जड, आणि सगळा भार त्याच झिजलेल्या गोळ्यांवर. शिवाय मोटार वाहन अधिनियम 1988 च्या 52 व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल परस्पर करता येत नाही, ही माझी पुस्तकी भर. थरथर शोषून घेणारा डॅम्पर बसवण्याची सूचनाही पुतण्याने करून पाहिली. मिस्त्री म्हणाले, "चांगली वस्तू आहे. पण सांधे नीट केल्यावर. आधी बसवला तर दुखणं झाकून जाईल, आणि झाकलेलं दुखणं घाटात उघडं पडतं."

उरले माझे पॉवर स्टिअरिंग. ही कल्पना मुळात ट्रकवाल्यांच्या दंडांसाठीच जन्मली. अमेरिकेत पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने 1926 साली तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग करून दाखवले. बाजारातल्या मोटारीत ते आले 1951 साली, क्रायस्लरच्या इंपिरिअलमध्ये. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले. मिस्त्रींनी ऐकून घेतले आणि अण्णांना एकच प्रश्न विचारला, "घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करता का?"

अण्णा भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागले.

"पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो," मिस्त्री म्हणाले. "इंजिन बंद तर पंप बंद. मग चक्र जड होतं, तेही ऐन वळणावर. ब्रेकचा जोरही कमी होतो. पॉवर घ्यायची तर ही सवय सोडावी लागेल. आणि सैल सांध्यांवर पॉवर बसवाल, तर जे हळूहळू झिजतंय ते जोरात झिजेल."

अखेर क्रम असा ठरला. आधी किंगपिन आणि त्यांचे बुश, टायरॉडची दोन्ही टोके, ड्रॅग लिंकची टोके, कमानींचे झिजलेले बुश. चाके मूळ मापाचीच, दोन नवे टायर, हवा बरोबर. मग अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही चाकांमधले पुढचे अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी ठेवणे. पॉवर स्टिअरिंग पुढच्या हंगामात. तेही याच मॉडेलसाठी बनलेला बॉक्स, पंप आणि नळ्या असा पुरा संच, भंगारातून गोळा केलेली खिचडी नव्हे. किंगपिनला दर काही फेऱ्यांनी ग्रीस भरण्याचे काम पुतण्याकडे आले. त्याची चित्रे गेली, ग्रीसगन आली.

दिसायला गाडीत काहीच बदलले नाही. शेजाऱ्यांनी विचारले, "इतके पैसे घातले ते कुठं?" दाखवायला काही नव्हते. पण पहिल्या फेरीहून परतल्यावर अण्णा ओट्यावर बसले आणि म्हणाले, "आता सांगितलं की ऐकते." वहिनींनी एवढेच सांगितले, की त्या घाटात पहिल्यांदाच झोपल्या.

मला वाटते, जोर कमी पडतो असे आपण ज्याला म्हणतो, ते पुष्कळदा जोर मध्येच जिरत असल्याचे दुखणे असते. घरातही अण्णांचा शब्द पुतण्यापर्यंत पोचायला मध्ये चार बोटे जात, आणि पुतण्याचा अण्णांपर्यंत पोचायला आठ. म्हणून दोघेही आवाज चढवीत. त्या दिवशी एकाच जॅकखाली दोघे वाकले, एकच गोळी दोघांनी लोळताना पाहिली आणि खांद्याची गोष्टही कुणीतरी सहज बोलून गेले. जोर पुढच्या वर्षी आला. तोवर तो जिरण्याच्या जागा पुष्कळ कमी झाल्या होत्या.

पॉवर बसली तेव्हा अण्णांनी डिझेल वाचवण्याची जुनी विद्या सोडली. भरलेली गाडी उतरताना इंजिन चालू आणि गिअरमध्ये असते. खांदा आता फार कुरकुरत नाही. आठवड्यातल्या दोन फेऱ्या मात्र त्यांनी आपण होऊन पुतण्याला दिल्या. पहिल्या फेरीला ते स्वतः शेजारच्या सीटवर बसले. घाटाच्या तोंडाशी पोराने हलक्या झालेल्या चक्रावर ऐटीत दोन बोटे ठेवलेली पाहून ते म्हणाले, "दोन बोटांनी फिरतं म्हणून दोन बोटांनी धरू नकोस."