दवंडी

घरातली एखादी गोष्ट माझ्या कानावर पडली की आई लगेच बजावायची, "आता गावभर दवंडी पिटत सुटू नकोस." त्यामुळे दवंडी म्हणजे चहाडीची थोरली बहीण, असंच मला बरीच वर्षं वाटायचं.

'जाहीर' हा शब्द अरबीतला. उघड, दिसणारं, असा त्याचा मूळ अर्थ. जाहीर नोटीस भिंतीला चिकटून असते; वाचणारा वाचतो, बाकीचे तिला पाठ टेकून उभे राहतात. दवंडी कानांची. तिला पाय लागतात, आणि ते कुणाचे तरी असतात.

आमच्या गावात ते कोतवालतात्यांचे होते. निघण्याआधी ते पाचटाच्या जाळावर हलगी शेकायचे. टिचकी मारून कान लावायचे, पुन्हा शेकायचे. कातडं ताणून आवाज खणखणीत झाला की उठायचे. मग वेशीपाशी कडकडाट आणि "ऐका हो ऐका". उद्या ग्रामसभा, रविवारी पोलिओचा डोस. शेवटचा 'हो' ते इतका लांबवायचे की आम्ही पोरं तो झेलत गल्लीभर मागं जायचो. मजकूर तलाठ्याचा, दम तात्यांचा.

पूर्वी हे काम महार वतनाकडे, तराळाकडे असे. साऱ्या गावाला ओरडून सांगायचं, पण ज्या चावडीतून निरोप निघाला तिच्या पायरीखाली उभं राहून. या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. शंकरराव खरातांनी तर आत्मचरित्राच्या नावातच तो शब्द ठेवला, 'तराळ-अंतराळ'. आईच्या त्या वाक्यात दवंडी देणाऱ्या या माणसाला कुठंच जागा नव्हती. माझ्याही बोलण्यात नसायची.

दवंडी कायद्यातही आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश २१, नियम ५४ : घर-जमीन जप्त केल्याचा हुकूम त्या मिळकतीवर किंवा लगतच्या जागी ढोल वाजवून, नाहीतर रूढीप्रमाणे पुकारायचा. म्हणजे ज्याची अब्रू जायची, त्याच्याच दारात.

आमच्या गल्लीत एकदा ती आली. बेलीफ कागद घेऊन पुढं, तात्या मागं. समोरच्या घराचं दार आतून लावलेलं. आईनं मला ओढून घरात घेतलं, तरी आवाज आलाच. थप, थप, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. तात्यांनी त्या दिवशी हलगी शेकली नव्हती.