आजेसासूबाईंचा डावा डोळा

आमच्या आत्याबाईंचें सहस्रचंद्रदर्शन गेल्या माघांत झालें. त्या निमित्तानें घरांतली सर्वांत जुनी तसबीर नीट करून दिवाणखान्यांत लावावी असें ठरलें, आणि संगणकाशीं माझी थोडीबहुत ओळख असल्यामुळें तें काम मजकडे आलें. फोटो १९४८ सालचा. वाड्याच्या चौकांत आजेसासरे आणि आजेसासूबाई खुर्च्यांवर बसलेले, आणि आजेसासूबाईंच्या गुडघ्याला बिलगून चार वर्षांच्या आत्याबाई. फोटोवर मधोमध घडी पडलेली. ती नेमकी आजेसासूबाईंच्या डाव्या डोळ्यावरून गेली होती. मूळ प्रत ओलीनें कांचेला चिकटली होती व सोडवितांना तिचे तुकडे झाले. त्याआधीं कांचेसकट स्कॅनरवर घेतलेली प्रतिमा, तेवढीच काय ती हातीं उरली.

ज्या भगिनींस या कामाची माहिती नाहीं, त्यांच्याकरितां थोडें सांगतें. फोटोशॉप १९९० सालीं बाजारांत आलें, पण त्यांत लेयर, म्हणजे थर, आले ते १९९४ मधल्या तिसऱ्या आवृत्तींत. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कांचा डोळ्यांपुढें आणाव्या. अगदीं खालीं मूळ फोटो. ओरखडे बुजवावयाचे ते दुसऱ्या कांचेवर, उजळपणा आणावयाचा तो तिसरीवर. वरची कांच बाजूला केली कीं खालचें मूळ जसेंच्या तसें. दोन कांचांची एक करणें याला मर्ज म्हणतात, आणि सगळ्यांचीच एक करून टाकणें याला फ्लॅटन. दिसणारे थर तेवढे एकत्र करण्याचीहि सोय आहे, तींत लपविलेले थर शाबूत राहतात. फ्लॅटन करतांना मात्र ते टाकूनच द्यावे लागतात. जाणतीं माणसें सर्व थरांचा एकत्रित ठसा वर एका नव्या थरावर उमटवून घेतात आणि खालचे तसेच ठेवतात. ही युक्ति मला ठाऊक होती, हें कबूल केलेलें बरें.

तीन आठवडे मी त्या घडीशीं झगडत होतें. शेवटीं आजेसासूबाईंचा उजवा डोळा उचलला, आरशांतल्यासारखा उलटा केला आणि डाव्याच्या जागीं बसविला. मोठा सुबक दिसला! छपाईवाल्याला जेपीईजी हवी होती. त्या प्रकारांत थर राहत नाहींत. त्याच्यासाठीं निराळी प्रत काढली असती तर काम भागलें असतें. पण घाईंत मीं सारें फ्लॅटन केलें, लपविलेले थर टाकून द्यावे काय या प्रश्नाला ‘होय’ म्हटलें, मूळ नांवावरच फाइल जतन केली आणि बंद केली. फाइल उघडी आहे तोंवर मागें फिरतां येतें, मग नाहीं. एकदा मळलेल्या कणकेंतून मीठ वेगळें कोण काढणार?

सोहळ्याच्या दिवशीं सर्वांनीं वाखाणणी केली. आत्याबाई तेवढ्या चष्मा पुसून पुन्हां पुन्हां पाहत राहिल्या.

“अगं, हा डोळा आईचा नव्हे,” त्या म्हणाल्या. “तिची डावी पापणी जराशी खालीं असे. हसली कीं जास्तच.”

माझ्या पोटांत धस्स झालें. घडीच्या कडेला पापणीचा एक तुकडा शिल्लक होता. तो खालीं ओघळलेला दिसे, म्हणून मीं त्याला डाग समजून झांकून टाकलें होतें. थर असते तर एका क्षणांत तो तुकडा आत्याबाईंना दाखवितां आला असता. आतां सुबक डोळ्याखालीं कांहींच नव्हतें.

दोन दिवसांनीं त्यांना संगणकापाशीं बसविलें. नवा थर घेतला, आणि त्या पडद्यावर कांपरें बोट ठेवून सांगतील तशी पापणी रेखीत गेलें. “अजून खालीं. छे, एवढी नको.” तास गेला असेल. त्या थराला मीं ‘आत्याबाईंच्या सांगण्यावरून’ असें नांव दिलें आहे आणि तो अद्याप कोणत्याहि थरांत मिसळलेला नाहीं.

“अश्शी होती,” आत्याबाई म्हणाल्या. मग बराच वेळ पाहून हळूच म्हणाल्या, “असावी.”