लष्कराच्या भाकऱ्या

स्वतःच्या पैशाने तिकीट काढायचं, नोकरीतली रजा मोडायची आणि समुद्रापलीकडच्या एखाद्या खेड्यात जाऊन शाळेची भिंत रंगवायची, मुलांना येशूची गोष्ट सांगायची, पंधरवड्याने परत फिरायचं. अशा मंडळींचा विषय निघाला की आमच्या कोलाडच्या नाक्यावर कुणीतरी म्हणतंच, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या! मला ते ऐकवत नाही, आणि खोडूनही काढता येत नाही.

कोण असेल ती भाकऱ्या भाजणारी? आमच्याकडची असेल तर भाकरी तांदळाची. अवचितगड, सुरगड, घोसाळगड. गड एवढे, म्हणजे वाटेने लष्करही जात असणार. पाण्याला आधण आलं की पीठ घालायचं, उकड गरम असतानाच मळायची, परातीत हात ओला करून थापायची, तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं. एका भाकरीची ही निगुती, तर शे-दोनशे माणसांची? तिला कुणी दरडावलं होतं, की दमलेली पोरं बघून तिनेच चूल पेटवली? म्हण यातलं काही सांगत नाही. त्या दिवशी तिची स्वतःची पोरं काय जेवली, हेही नाही. मला ते जास्त टोचतं.

अशा मंडळींतला फार जुना एक, मिशनरी गॉर्डन हॉल, १८१३ साली अमेरिकेहून मुंबईला आला. कंपनी सरकार त्याला परत पाठवायच्या बेतात होतं, तो हटला नाही. मराठी शिकला, गावोगाव हिंडला. १८२५ मध्ये बायकोमुलांना मायदेशी धाडून स्वतः मागे राहिला आणि पुढच्याच वर्षी नाशिकहून परतताना, एका देवळाच्या ओसरीत, कॉलऱ्याने गेला. एवढ्या वर्षांत ख्रिस्ती झालेली माणसं अगदी थोडी.

पण त्याच्या मिशनने अलिबाग-रेवदंड्याकडे शाळा काढल्या आणि तिथे शिकायला, शिकवायलाही आले बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं, सगळी आमच्या मुलखातली. पुढे स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सनने १८३२ मध्ये त्यांच्यासाठी हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. मिशनऱ्यांकडून ही माणसं अक्षरं शिकली, जुना करार मराठीत वाचू लागली, हिब्रूकडे वळली आणि जवळजवळ सगळी ज्यूच राहिली, पूर्वीपेक्षा अधिक जाणती. १९४८ नंतर त्या समाजातली बहुतेक माणसं इस्रायलला गेली. हॉलला हे कळतं तर तो हळहळला असता का? मला वाटतं, नसता. पण त्याच्या श्रद्धेची धग मला ठाऊक नाही. त्याच्या वतीने समाधान मानून घेणारा मी कोण?

हॉल राहिला, ही पंधरवड्याची मंडळी राहत नाहीत, असा फरक करून मोकळं व्हावंसं वाटतं. मात्र हॉलबरोबर आलेला सॅम्युएल नॉट आजारी पडून १८१५ मध्येच परतला होता, आणि त्याला उपरा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय भाकऱ्यांच्या त्या गोष्टीत गावात राहणारी ती बाई आहे. येऊन जाणारं ते लष्कर. मग पंधरवड्यासाठी येणारे हे नक्की कोण? त्यांना तिथे कुणी रांधून वाढतंच ना, कदाचित उसना तांदूळ आणून, आणि पाहुणे आले म्हणून हौसेनेही. हौस खरी असेल तर तिथे मी कोणता हिशेब मांडायचा, हेच मला आता उमगत नाही.