चहूकडून येणारा नाद

गेल्या दिवाळीत देवासच्या आमच्या घरी पाच ध्वनिक्षेपक व खर्जाच्या स्वरांसाठी एक निराळी पेटी आली. तीन समोर, दोन पाठीशी अशी मांडणी करून आम्ही बैठकीपासूनची अंतरे फितीने मोजली. उजवीकडचा आवाज उजव्या कानास सेकंदाच्या हजाराव्या अंशाहूनही कमी काळ आधी पोहोचतो. एवढ्यावरून मन दिशा ओळखते! चित्रपटातला पाऊस पाठीमागून कोसळू लागला, तेव्हा आजी वाळत घातलेल्या कपड्यांसाठी लगबगीने उठू लागली.

मग तिने कुमार गंधर्वांचे जुने गाणे लावावयास सांगितले. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमारजी याच गावी राहावयास आले. गाण्यास मनाई असताना अंथरुणावरून त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली. एकाच मार्गाने मुद्रित झालेला त्यांचा स्वर पाचही ध्वनिक्षेपकांतून विखुरल्यासारखा वाटे. केवळ समोरचे चालू ठेवताच गवई पुढ्यात येऊन बसला! गुडघ्यांमुळे आजीस आता मैफलीस जाता येत नाही. त्या रात्री ती उशिरापर्यंत मांडीवर ताल धरून बसली होती. यंत्राचे मोल आम्हांस तेव्हा कळले.